रिमोट चावी बंद पडते तेव्हा नेमके काय बंद पडते?

गाडीची रिमोट चावी दाद देईनाशी झाली की बहुतेक मालक ती बदलायचीच अशी मनाची तयारी करून सेवा केंद्रात जातात. नव्या चावीची किंमत डोळे पांढरे करणारी असते, कारण त्या रकमेत प्लास्टिक आणि सर्किट यांच्या जोडीने ती चावी त्या विशिष्ट गाडीशी जुळवून देण्याच्या कामाचाही मोबदला धरलेला असतो. वास्तविक हे जुळवलेले नाते क्वचितच बिघडते. बिघडतो तो सेल, सेलला धरून ठेवणारी पत्ती, बटणाखालचा स्विच किंवा नुसते कवच. म्हणजे चावीतले सर्वांत स्वस्त भाग. त्यामुळे कोणता भाग रुसला आहे हे ओळखता आले, तर दुरुस्तीचा बराचसा खर्च वाचतो, आणि ते ओळखण्यासाठी चावी उघडण्याचीही सुरुवातीला गरज नसते.

धातूचे पाते कुलपात फिरवावे लागते अशा चावीच्या कवचात सहसा दोन स्वतंत्र यंत्रणा एकत्र नांदत असतात. पहिली दारे उघडण्या-मिटण्याची. ती सेलवर चालते आणि बटण दाबताच रेडिओलहरींनी एक छोटा संदेश पाठवते. उत्तर अमेरिका आणि जपानमध्ये त्यासाठी प्रामुख्याने ३१५ मेगाहर्ट्झ, तर युरोप आणि आशियाच्या मोठ्या भागात ४३३.९२ मेगाहर्ट्झ ही वारंवारता वापरली जाते. दुसरी यंत्रणा इमोबिलायझरची. चावीच्या कवचात ट्रान्सपाँडर नावाची एक इवलीशी चिप असते आणि तिला सेलच लागत नाही. चावी इग्निशनमध्ये घालून फिरवली की कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, त्या क्षेत्रातूनच चिपला वीज मिळते आणि त्याच मार्गाने ती आपली ओळख पटवते. ओळख पटली नाही तर इंजिन सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन लगेच बंद पडते. युरोपीय संघात नव्या मोटारींना इमोबिलायझर १९९८ पासून सक्तीचा झाला आणि त्या सुमारास ही चिप सर्रास चाव्यांमध्ये येऊन बसली.

या दोन यंत्रणांचा एकमेकींशी संबंध नाही, हेच निदानाचे मोठे साधन आहे. बटणाने दार उघडत नाही पण पाते फिरवल्यावर इंजिन सुरू होते, तर ट्रान्सपाँडर शाबूत आहे आणि दोष रिमोटच्या भागात आहे; हा घरी सुटण्यासारखा प्रश्न. उलट दारे व्यवस्थित उघडतात पण इंजिन सुरू होत नाही आणि फलकावर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकते, तर नवा सेल घालून काहीही साधणार नाही. तिसरी शक्यता गाडीचीच. दुसरी चावी असेल तर ती वापरून पाहावी. तीही चालत नसेल तर दोष गाडीतल्या रिसीव्हरमध्ये, त्याच्या फ्यूजमध्ये किंवा आसपासच्या रेडिओ गोंगाटात असू शकतो. ४३३.९२ मेगाहर्ट्झची वारंवारता बिनतारी घंटा, हवामान मापक अशी कितीतरी उपकरणे वापरतात, आणि त्यांतले एखादे बिघडून सतत प्रसारण करू लागले की त्या परिसरातल्या चाव्या मुक्या होतात. गाडी थोड्या अंतरावर नेऊन बटण दाबले की याचा उलगडा होतो.

आता सेल. बहुतेक चाव्यांत सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल असतो. या नावातले पहिले दोन आकडे व्यास सांगतात, २० मिलिमीटर, आणि शेवटचे दोन जाडी, ३.२ मिलिमीटर. सीआर२०२५ हा त्याच व्यासाचा पण २.५ मिलिमीटर जाडीचा असतो. दोन्ही ३ व्होल्टचेच असल्यामुळे एकाच्या जागी दुसरा बसवण्याचा मोह होतो. पण पातळ सेल पत्त्यांमध्ये सैल बसतो, चावी हलली की संपर्क तुटतो, आणि मग ‘कधी चालते, कधी नाही’ असा त्रास मागे लागतो. जाड सेल दामटून बसवला तर पत्ती कायमची वाकते. जुन्या सेलवर छापलेला क्रमांक पाहूनच नवा घ्यावा.

लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइड यांच्या या सेलचा स्वभाव फसवा आहे. त्याचा व्होल्टेज आयुष्यभर जवळजवळ स्थिर राहतो आणि अगदी शेवटी झपाट्याने घसरतो. मल्टिमीटर लावून २.९ व्होल्ट दिसले की माणूस ‘सेल तर ठीक आहे’ असे म्हणून पुढच्या शोधाला लागतो, आणि इथेच तपास भरकटतो. मल्टिमीटर सेलकडून नगण्य विद्युतप्रवाह घेतो, तर चावी प्रसारणाच्या क्षणी १० मिलिॲम्पिअरच्या आसपास प्रवाह मागते. ताज्या सेलचा अंतर्गत रोध साधारण १० ते २० ओहम असतो. सेल जुना होत जातो तसा तो कित्येक पटींनी वाढतो. तो १०० ओहमवर गेला असे धरले, तर १० मिलिॲम्पिअर प्रवाहाने एक पूर्ण व्होल्ट सेलच्या आतच खर्ची पडतो आणि सर्किटच्या वाट्याला जेमतेम २ व्होल्ट उरतात. चावीवरचा लाल दिवा एवढ्यावरही मिणमिणतो, म्हणून दिवा लागणे हा सेल चांगला असल्याचा पुरावा नव्हे. खरी परीक्षा भार देऊन घ्यावी: सेलच्या दोन टोकांना ३३० ओहमचा रेझिस्टर क्षणभर जोडायचा आणि तो जोडलेला असतानाच व्होल्टेज वाचायचा. चांगला सेल २.८ व्होल्टच्या वर टिकून राहतो, थकलेला पाहता पाहता खाली येतो. थंडीत अंतर्गत रोध आणखी वाढतो, त्यामुळे मरणपंथाला लागलेला सेल नेमका कडाक्याच्या सकाळी दगा देतो आणि दुपारी पुन्हा शहाण्यासारखा वागू लागतो.

खिशातूनच दार उघडणाऱ्या, बटणाने इंजिन सुरू करणाऱ्या गाड्यांची चावी वेगळ्या कारणाने सेल खाते. ती गाडीकडून येणारा कमी वारंवारतेचा इशारा ऐकण्यासाठी सतत जागी असते. ही जाग ५ मायक्रोॲम्पिअरची धरली, तर २२० मिलिॲम्पिअर-तास क्षमतेचा सेल ४४,००० तास, म्हणजे सुमारे पाच वर्षे टिकायला हवा. प्रत्यक्षात तो लवकर संपतो, कारण बटणांचा वापर वेगळा मोजावा लागतो, आणि चावी गाडीजवळच्या भिंतीवर टांगलेली असेल तर गाडी तिला पुन्हा पुन्हा उठवत राहते. अशा चावीचा सेल पूर्ण संपला तरी इंजिन सुरू करता येते: आत दडवलेल्या धातूच्या पात्याने दार उघडायचे आणि चावी गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी, बहुधा स्टार्ट बटणालाच, टेकवायची. तिथे तेच बिनसेलचे ट्रान्सपाँडर तंत्र कामाला येते.

नवा सेल घालूनही चावी गप्प राहिली तर कवच उघडावे. जोडरेषेत एक छोटी खाच असते. तिथे प्लास्टिकची पट्टी किंवा कापड गुंडाळलेला पातळ स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच पिळले की दोन अर्धुके सुटतात. सर्वप्रथम सेलच्या पत्त्या पाहाव्यात. दबून सपाट झालेली पत्ती टूथपिकने किंचित उचलली, तिच्यावरची काळपट पुटे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसली, की कित्येक चाव्या तिथेच बऱ्या होतात. मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्या सेलवर कडू थर देतात. तो थर काही उपकरणांत संपर्काच्या आड येतो, तेव्हा नवाकोरा सेल चालत नसेल तर साधा सेल लावून पाहायला हरकत नाही.

त्यानंतर क्रम लागतो बटणांचा, आणि माझ्या मते दुरुस्तीचे खरे समाधान इथेच आहे. सर्किट पट्टीवर प्रत्येक बटणाखाली एक चौकोनी स्विच असतो. त्याच्या पोटात धातूची एक पातळ घुमटी असते; दाबली की ती ‘टक्’ करून आत दबते आणि दोन संपर्क जोडते, सोडली की उसळून वर येते. घुमटी लाखभर दाब सहज सोसते. तिच्याआधी हार मानतो तो स्विच पट्टीला धरून ठेवणारा सोल्डर. अंगठ्याचा दाब नेहमी सरळ खाली न पडता तिरपा पडतो, आणि वर्षानुवर्षांच्या या हिसक्यांनी पायाभोवतीच्या सोल्डरला केसासारखी गोल भेग पडते. नुसत्या डोळ्यांना सगळे जागच्या जागी दिसते. भिंग धरून, तिरपा उजेड टाकून पाहिले की चकचकीत सोल्डरमध्ये पायाभोवती एक निस्तेज वर्तुळ दिसते. दुरुस्ती करणारे याला ड्राय सोल्डर म्हणतात. काडीच्या टोकाने स्विच बाजूने हलकेच ढकलत बटण दाबावे. एका विशिष्ट कोनात गाडी प्रतिसाद देऊ लागली तर निदान पक्के झाले.

उपाय सोपा आहे, हात मात्र स्थिर हवा. सेल काढून ठेवायचा, कारण लिथियम सेलजवळ तापवण्याचे कोणतेही काम करू नये. भेगेवर थोडा फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट चिकटावा म्हणून लावतात तो लेप, लावायचा, सुमारे ३५० अंश सेल्सिअसला तापवलेले बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न दोनतीन सेकंद टेकवायचे आणि कणभर नवा सोल्डर द्यायचा. जास्त वेळ टेकवले तर पट्टीवरची तांब्याची चकती सुटून वर येते आणि सोपे काम अवघड होऊन बसते. स्विच दाबल्यावर मल्टिमीटरचा बझर वाजत नसेल तर घुमटीच गेलेली असते. मग त्याच मापाचा नवा स्विच बसवावा. मापे घेताना लांबी-रुंदीइतकीच उंचीही मोजावी, नाहीतर बटण आयुष्यभर दाबलेलेच राहते आणि सेल काही दिवसांत संपतो. जुन्या काही चाव्यांत स्विचऐवजी रबराच्या बटणाखाली कार्बनचा काळा ठिपका असतो; तो आणि त्याखालच्या तांब्याच्या रेषा अल्कोहोलने पुसणे पुरते.

पाण्यात पडलेली चावी पाण्यापेक्षा सेलमुळे जास्त बिघडते. ओल्या पट्टीवर सेलचा व्होल्टेज असेल तोवर तांबे विद्युत-अपघटनाने विरघळत राहते आणि हिरवे क्षार साचतात. म्हणून सेल तत्काळ काढणे ही निम्मी दुरुस्ती. मग मऊ ब्रश आणि अल्कोहोल यांनी पट्टी धुऊन पूर्ण वाळवावी. चावी उंचावरून आपटली आणि त्या क्षणापासून बंद झाली असेल, तर वारंवारता ठरवणारा क्वार्ट्झ स्फटिक किंवा छोट्या धातूच्या डबीतला रेझोनेटर तडकल्याचा संशय घ्यावा. दिवा लागतो, स्विच चालतो, पण प्रसारण एकतर होत नाही किंवा भलत्याच वारंवारतेवर होते. तो भाग बदलायला अनुभवी हातच हवा.

सेल काढला की चावी गाडीला विसरते, असा एक समज आहे. संकेत साठवणारी स्मृती वीज नसतानाही टिकते, त्यामुळे सहसा असे होत नाही. मात्र प्रत्येक वेळी नवा संकेत पाठवणाऱ्या या चाव्यांत एक मोजणी चालू असते आणि ती चावी व गाडी या दोघांनाही ठाऊक असावी लागते. दक्षिण आफ्रिकेत १९८०च्या दशकात विकसित झालेल्या आणि १९९५ मध्ये मायक्रोचिप कंपनीने विकत घेतलेल्या कीलॉक पद्धतीत, गाडीपासून दूर असताना बटण काही वेळा दाबले गेले तरी पुढचे १६ संकेत गाडी बिनतक्रार स्वीकारते. दोघांच्या मोजणीतला फरक त्याहून वाढला तर लागोपाठ दोन संकेत ऐकून मगच मोजणी जुळवून घेते. एकदा वापरलेला संकेत पुन्हा चालत नाही. म्हणून सेल बदलल्यावर पहिला दाब वाया गेला तर गडबडून न जाता लगेच दुसरा द्यावा. काही गाड्यांत यासाठी चावी इग्निशनमध्ये फिरवून बटण धरून ठेवण्याची रीत असते आणि ती पुस्तिकेत दिलेली असते.

कवच फुटले, बिजागरी तुटली, बटणांचे रबर फाटले, तर रिकामे कवच मिळते आणि जुने सर्किट त्यात हलवता येते. या कामात एक सापळा आहे. कित्येक चाव्यांत ट्रान्सपाँडर सर्किट पट्टीवर नसतो. काचेची किंवा काळ्या सिरॅमिकची सुमारे १२ मिलिमीटर लांबीची चिप कवचाच्या एका कोनाड्यात सुटी बसवलेली असते. सर्किट आणि पाते नव्या कवचात नेले, दारे झकास उघडली, जुने कवच कचऱ्यात गेले, आणि इंजिन सुरू करायच्या वेळी चिपही त्यासोबत गेल्याचे कळते. जुने कवच इंजिन सुरू झाल्याची खात्री होईपर्यंत टाकू नये, आणि ही सगळी उचापत दुसरी चावी हाताशी असतानाच करावी.

काढलेल्या सेलबाबत मात्र हयगय नको. २० मिलिमीटर व्यासाचा सेल लहान मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकू शकतो; ओल्या ऊतींमधून प्रवाह वाहून तीव्र अल्क तयार होते आणि दोन तासांच्या आत गंभीर भाजते. थकलेल्या सेलमध्येही एवढी शक्ती शिल्लक असते. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो मुलांपासून दूर, बॅटरी गोळा करण्याच्या डब्यात टाकावा, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी तातडीने रुग्णालय गाठावे.

घरच्या दुरुस्तीची हद्द संपते ती गुप्त संकेताशी. सर्किटची मुख्य चिप जळाली किंवा ट्रान्सपाँडर हरवला, तर नवी चावी गाडीच्या स्मृतीत नोंदवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी गाडीला जोडायचे उपकरण व अनेकदा उत्पादकाची परवानगी लागते. दुसऱ्या गाडीची जुनी चावी आणून हे टाळता येईल असे वाटते, पण बऱ्याच उत्पादकांच्या चाव्या पहिल्या गाडीशी जोडल्या जाताच कुलूपबंद होतात आणि साध्या उपकरणांनी पुन्हा नोंदवता येत नाहीत. अशा चावीचा उपयोग तिच्यातले शाबूत स्विच, पत्त्या आणि कवच काढून घेण्यापुरताच.