पदोन्नतीचे निबंध आणि जर्नलांचा बाजार

वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉक्टरांना एका विशिष्ट तऱ्हेची ईमेल चांगलीच परिचयाची असते. 'आदरणीय महोदय, आपले मोलाचे संशोधन आमच्या वाचनात आले' अशी तिची सुरुवात होते. मग पुढच्या अंकासाठी एक निबंध हवा, तो शुक्रवारपर्यंत मिळाला तर उत्तम, परीक्षण चार दिवसांत पूर्ण होईल, आयएसएसएन क्रमांक आहे, 'इम्पॅक्ट फॅक्टर'ही (नियतकालिकातल्या निबंधांचा इतर निबंधांत सरासरी किती वेळा संदर्भ येतो याचा आकडा) आहे, असा मजकूर येतो. ज्यांना पत्र आले ते नेत्ररोगतज्ज्ञ असतात आणि अंक बालरोगांवरचा असतो, पण त्याचे पाठवणाऱ्याला काही वाटत नाही. शुल्काचा आकडा कधी तळाशी बारीक अक्षरांत असतो, तर कधी निबंध स्वीकारल्याचे कळवल्यानंतरच समोर येतो. अशा पत्रांची सर्रास थट्टा होते. तरीही त्यांना उत्तरे जातात, पैसे भरले जातात आणि निबंध छापून येतात. हा व्यवहार इतका कसा फोफावला हे समजून घ्यायचे तर वैद्यकीय प्रकाशनाचा पैसा कोणाच्या खिशातून येतो आणि डॉक्टरांची पदोन्नती कशावर ठरते, हे दोन धागे एकत्र पाहावे लागतात.

पहिला धागा जुना आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीशी संबंधित 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक १६६५ मध्ये निघाले. मात्र छापण्यापूर्वी प्रत्येक निबंध त्या विषयातल्या बाहेरच्या जाणकारांकडून तपासून घेण्याची पद्धत, म्हणजे आज आपण ज्याला पीअर रिव्ह्यू म्हणतो ती, सार्वत्रिक व्हायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले. 'लॅन्सेट'सारख्या मातब्बर साप्ताहिकाने ती रीतसर स्वीकारली ती १९७६ मध्ये. सनातन वाटणारी ही व्यवस्था तशी अलीकडचीच, आणि तिचा सारा डोलारा फुकट काम करणाऱ्या परीक्षकांच्या सचोटीवर उभा आहे. या काळात खर्च उचलत होते ते वाचक आणि ग्रंथालये. वर्गणी भरणारा नाराज झाला तर नियतकालिक बुडणार, या साध्या हिशेबामुळे संपादकाला निबंध नाकारणे परवडत होते.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा हिशेब उलटा झाला. वर्गण्या ग्रंथालयांच्या आवाक्याबाहेर गेल्या होत्या आणि सरकारी पैशातून झालेले संशोधन सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरालाच वाचता येत नव्हते. यावर उपाय म्हणून खुल्या प्रकाशनाची चळवळ उभी राहिली. वाचणाऱ्याने काही द्यायचे नाही, खर्च लेखकाने किंवा त्याच्या संस्थेने उचलायचा, असा मार्ग त्यातून रूढ झाला. हेतू निखळ चांगला होता, पण प्रकाशकाचे उत्पन्न आता स्वीकारलेल्या निबंधांच्या संख्येवर ठरू लागले. लेखकाकडून पैसे घेण्यावाचून गत्यंतर नव्हते असेही म्हणता येत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या अध्यापकांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'ने लेखकाकडून छपाईचे पैसे न मागता आपले अंक इंटरनेटवर सर्वांना खुले केले होते. पण असे नियतकालिक चालवायला संस्थेचा आधार आणि कष्टाळू अध्यापक लागतात. शुल्क घेऊन छापायला एक वेबसाइट पुरते.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर शाखेतील ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१० मध्ये अशा प्रकाशकांना 'प्रिडेटरी', म्हणजे सावज हेरणारे, असे नाव दिले आणि त्यांची यादी करायला घेतली. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'सायन्स' या विज्ञान साप्ताहिकाने पत्रकार जॉन बोहॅनन यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. दगडफुलातून (लायकेनमधून) मिळालेला रेणू कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतो, असा एक बनावट निबंध त्यांनी मुद्दाम ढोबळ चुका पेरून ३०४ नियतकालिकांकडे पाठवला. १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला आणि ९८ नियतकालिकांनी नाकारला. भारतातून चालणाऱ्या नियतकालिकांपैकी ६४ नियतकालिकांनी होकार दिला, नकार दिला तो १५ जणांनी. होकार देणाऱ्यांतले एक मुंबईतून चालत होते आणि त्याची मालकी एका बड्या बहुराष्ट्रीय प्रकाशन समूहाकडे होती. पितळ उघडे पडल्यावर ते बंद करण्यात आले. म्हणजे गल्लीबोळातल्या प्रकाशकांवर सगळे खापर फोडून मोकळे होण्याची सोय तेव्हाही नव्हती.

हैदराबादच्या 'ओमिक्स' या प्रकाशन समूहाचे प्रकरण थेट न्यायालयात गेले. निबंध स्वीकारल्यावरच शुल्क सांगायचे, परीक्षण न करताच ते झाल्याचा दावा करायचा, आणि ज्या शास्त्रज्ञांनी होकारही दिलेला नाही त्यांची नावे परिषदांच्या जाहिरातीत वक्ते म्हणून झळकवायची, असे आक्षेप घेऊन ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑगस्ट २०१६ मध्ये दावा दाखल केला. मार्च २०१९ मध्ये तेथील न्यायालयाने समूहाला ५ कोटी १ लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला.

दुसरा धागा आपल्या घरचा आहे. जर्नलांचा बाजार गिऱ्हाइकावाचून चालत नाही, आणि हे गिऱ्हाईक नियमांनी घडवले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये अध्यापकांच्या कामगिरीला गुण देण्याची पद्धत आणली, तीत छापील निबंधाला भाव आला. वैद्यकीय महाविद्यालयांत भारतीय वैद्यक परिषदेचे नियम चालत, आणि तेथेही सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक या पदांसाठी निबंध सक्तीचे झाले. ज्या विभागात सकाळची ओपीडी दुपारी तीनपर्यंत संपत नाही, संख्याशास्त्रज्ञ नाही आणि संशोधनासाठी वेगळा निधी नाही, तेथील सहायक प्राध्यापकाला ठरावीक वर्षांत ठरावीक निबंध दाखवायचे होते. उत्तम शिकवणारा आणि उत्तम शस्त्रक्रिया करणारा माणूस उत्तम संशोधकही असलाच पाहिजे, हे गृहीतक कोणी तपासून पाहिले होते असे दिसत नाही.

सप्टेंबर २०१५ मध्ये परिषदेने कोणते निबंध ग्राह्य धरायचे याचा खुलासा करणारे परिपत्रक काढले. ते जवळून पाहण्यासारखे आहे. पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय मिळेल, असे त्यात होते. त्यामुळे दहा रुग्णालयांनी मिळून केलेल्या मोठ्या चाचणीत राबलेल्या बहुतेकांच्या पदरात शून्य पडणार होते आणि दोघांनी केलेला किरकोळ निबंध अधिक फायद्याचा ठरणार होता. ई-जर्नले त्यात बाद होती, जेव्हा जगातली अनेक चांगली वैद्यकीय नियतकालिके कागदावर निघतच नव्हती. नियतकालिकांतल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या ज्या सूच्यांत नियतकालिक असायला हवे त्यांत 'इंडेक्स मेडिकस'चे नाव होते, आणि त्या सूचीची छपाई २००४ मध्येच थांबली होती. त्याच यादीत 'इंडेक्स कोपर्निकस' ही पोलंडमधली सूचीही होती. तिच्यात शंकास्पद जर्नलांची रेलचेल असल्याची तक्रार संपादक करत आले होते. परिषदेने या परिपत्रकाचा फेरविचार करावा, असे संयुक्त संपादकीय भारतातील वैद्यकीय संपादकांच्या संघटनेने २०१६ मध्ये अनेक नियतकालिकांतून छापले. बाजाराला मात्र परिपत्रक ताबडतोब समजले. छापील अंक, सूचीत नाव आणि झटपट स्वीकृती असा तयार माल पुरवणे काही अवघड नव्हते.

अनुदान आयोगाच्या बाजूला याचीच दुसरी आवृत्ती घडत होती. जानेवारी २०१७ मध्ये बील यांची यादी इंटरनेटवरून अचानक काढून टाकण्यात आली आणि योगायोगाने त्याच महिन्यात आयोगाची 'मान्यताप्राप्त' नियतकालिकांची यादी आली. तीत ३८ हजारांहून अधिक नावे होती, आणि त्यांतली काही हजार विद्यापीठांनी सुचवली म्हणून घेतलेली होती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विद्यापीठांच्या वाट्यातल्या ५,६९९ नियतकालिकांतून १,३३६ नियतकालिके यादृच्छिक पद्धतीने निवडली, नामांकित सूच्यांत असलेली ३२७ नियतकालिके वगळली आणि उरलेली १,००९ एकेक करून तपासली. तपासणी अगदी प्राथमिक होती. पत्ता दिला आहे का, वेबसाइट उघडते का, संपादकांची नावे आहेत का, आयएसएसएन खरा आहे का, सांगितलेला इम्पॅक्ट फॅक्टर अस्तित्वात आहे का? ३४.५ टक्के नियतकालिके पत्ता आणि संपादक या पहिल्याच पायरीवर गळाली. आणखी ५२.३ टक्क्यांनी खोटी माहिती दिलेली आढळली किंवा त्यांच्या संपादकांची पात्रता तोकडी निघाली. अठ्ठ्याऐंशी टक्क्यांहून अधिक नियतकालिके हलक्या दर्जाची असावीत, हा त्यांचा निष्कर्ष २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. येथे आयएसएसएनविषयी एक खुलासा हवा. तो नियतकालिकाला ओळखण्यासाठी दिलेला नुसता क्रमांक आहे, गाडीच्या नंबरप्लेटसारखा; त्यावरून चालकाला गाडी चालवता येते की नाही हे कळत नाही. तरीही हा क्रमांक दर्जाची मोहोर म्हणून वर्षानुवर्षे मिरवला गेला.

मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली आणि २०१९ मध्ये 'केअर' नावाची नवी, चाळलेली यादी आणली. तिची मोठी जबाबदारी पुणे विद्यापीठातील केंद्राकडेच आली. लगोलग तिच्यातल्या नियतकालिकांच्या हुबेहूब नकली वेबसाइटही निघाल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही यादीही बंद झाल्याचे आयोगाने जाहीर केले आणि नियतकालिक पारखण्याचे काम संस्थांवर सोपवले. मूळ यादीत तो कचरा शिफारस करून पाठवला होता तो विद्यापीठांनीच, हे विसरता येत नाही.

या साऱ्यात रुग्णांचे काय झाले, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. कॅनडातील ओटावा येथील डेव्हिड मोहर यांच्या गटाने शंकास्पद नियतकालिकांतले सुमारे १,९०० जैववैद्यकीय निबंध तपासून २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिले की या निबंधांमागे २० लाखांहून अधिक माणसांची आणि ८ हजारांहून अधिक प्राण्यांची माहिती होती. सर्वाधिक, २७ टक्के, निबंध भारतातून आले होते. अमेरिकेचा वाटा १५ टक्के होता. त्या माणसांनी रक्त दिले, संमतीपत्रावर अंगठा किंवा सही केली, फेऱ्या मारल्या, आणि त्यातून जे काही निघाले ते अशा ठिकाणी पुरले गेले की वैद्यकीय निबंधांच्या 'पबमेड' या ऑनलाइन सूचीत शोधूनही ते बहुधा हाती लागत नाही. बोगस निबंध वैद्यकाची दिशाभूल करतात हे खरेच, पण खरे काम बोगस जागी छापले जाऊन नाहीसे होते ही हानी मला अधिक मोठी वाटते.

गेल्या काही वर्षांत पुढची पायरी गाठली गेली आहे. आता निबंध लिहिण्याचीही तसदी घ्यावी लागत नाही. तो तयार करून, लेखकांच्या जागा विकून, प्रस्थापित नियतकालिकात छापून देणारे कारखाने उभे राहिले आहेत. फ्रान्समधील संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये यांचा एक विलक्षण माग काढला. वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला चुकवण्यासाठी मूळ मजकूर शब्दबदल करणाऱ्या यंत्रातून काढला जातो आणि मग 'ब्रेस्ट कॅन्सर'चे 'बुझम पेरिल' होते. म्हणजे मराठीत स्तनाच्या कर्करोगाऐवजी कोणी 'उरोजसंकट' असे लिहावे, आणि परीक्षक, संपादक, मुद्रितशोधक यांपैकी कोणीही ते वाचताना अडखळू नये. विली या प्रकाशकाने २०२१ मध्ये सुमारे ३० कोटी डॉलरना विकत घेतलेल्या हिंदावी या कंपनीला विशेषांकांतून शिरलेले असे ८ हजारांहून अधिक निबंध एकट्या २०२३ मध्ये मागे घ्यावे लागले, आणि त्या वर्षअखेरीस विलीने हिंदावी हे नावच सोडण्याचे ठरवले.

भारतीय वैद्यक परिषद जाऊन २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. परिषदेच्या जागी काम पाहणाऱ्या नियामक मंडळाने त्याआधीच, फेब्रुवारी २०२० मध्ये, सूच्यांची यादी सुधारली होती, लेखकांचे श्रेय पहिल्या तिघांपर्यंत वाढवले होते आणि संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा केला होता. सहयोगी प्राध्यापकपदासाठी दोन निबंधांची अट मात्र २०२२ च्या नियमांतही राहिली. ईमेलमधून येणाऱ्या आमंत्रणांत इम्पॅक्ट फॅक्टरच्या शेजारी आता एक नवी ओळ दिसते : पदोन्नतीसाठी आयोगाच्या निकषांप्रमाणे ग्राह्य.