पुढचा ड्राइव्हशाफ्ट: काढणं, तपासणं, परत बसवणं

गिअरबॉक्सपासून पुढच्या चाकापर्यंत ताकद नेणारा दांडा म्हणजे ड्राइव्हशाफ्ट, गॅरेजमध्ये याला सरळ एक्सलच म्हणतात. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर मागच्या चाकांवर चालायच्या, त्यामुळे आपल्याकडे हा प्रकार सगळीकडे पसरला तो 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 नंतर. चाक वळतं पण आणि खड्ड्यात वरखाली पण होतं, म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतात. बाहेरच्यात बहुतेक सहा छर्रे, आतला पुष्कळदा तीन रोलरचा आणि तो आतबाहेर सरकतो. दोन्हीवर ग्रीस भरलेला बूट, म्हणजे घड्यांचं रबरी आवरण.

खरा प्रश्न बुटाचाच असतो. स्वस्तातली वस्तू, पण फाटली की ग्रीस उडून जातं, पावसाळ्यात चिखलपाणी आत शिरतं आणि महागडा जॉइंट खलास. पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी चालवायला घेतली की कटकट आवाज येत असेल तर बाहेरचा जॉइंट गेलेला असतो, आणि पिकअप घेताना गाडी थरथरत असेल तर आधी आतला बघायचा.

काढताना हब नट, म्हणजे चाकाच्या मधोमध दांड्याच्या टोकावरचा मोठा नट, गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा, कारण तो जबरदस्त घट्ट असतो. मग गाडी जॅकने उचलून घोडीवर (पक्क्या स्टँडवर) ठेवायची, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही म्हणजे नाही. गिअर ऑइल काढून घ्यायचं, लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांडीचा) बॉल जॉइंट सोडवून नकल, म्हणजे हब धरणारा भाग, बाहेर ओढला की बाहेरचं टोक सुटतं, आणि आतलं टोक गिअरबॉक्सजवळ टॉमी (लोखंडी पहार) लावून हलकेच उचकटायचं. दांडा धरून ओढलात तर आतला जॉइंट आतल्या आत सुटेल. दांडा लोंबकळतही ठेवू नये, तारेने बांधून ठेवावा. काही गाड्यांत उजवीकडे मधला आधार देणारा बेअरिंगवाला शाफ्ट असतो, तिथे रीत वेगळी, मॅन्युअल बघा.

तपासताना बुटाच्या घड्या बोटांनी उघडून भेगा बघायच्या, फाटलेला असेल तर ग्रीस बोटांत चोळून बघायचं, करकर लागली म्हणजे वाळू आत गेलीय. मग जॉइंट धुऊन छर्र्यांच्या खाचांत खड्डे पडलेत का, निळसर डाग आहेत का, स्प्लाइनचे (दांड्याच्या टोकावरच्या उभ्या खाचांचे) दाते झिजलेत का ते नीट बघा. खड्डे दिसले तर नुसता बूट बदलून काही होत नाही, जॉइंटच बदलावा लागतो. उघडायच्या आधी भागांवर रंगाने खुणा करा, पंचने नको. नवा बूट बसवताना किटमधलंच ग्रीस सांगितलंय तेवढं भरा, आणि आतल्या बुटाची क्लिप आवळण्याआधी त्याची कड जरा उचलून आतली हवा सोडा, नाहीतर बूट आत ओढला जाऊन दुमडतो आणि लवकर फाटतो.

परत बसवताना सर्क्लिप (दांडा आत अडकवून ठेवणारी स्प्रिंगची कडी) नवीन, ऑइल सील खराब असेल तर तीही नवीन, तिच्या कडेला थोडं ऑइल लावून शाफ्ट सरळ आत ढकलायचा, टक्क आवाज आला की आतल्या जॉइंटचं कप हलकं ओढून बघायचं, निघाला नाही म्हणजे बसला. हब नटही नवाच वापरा, चाक जमिनीवर टेकवून टॉर्क पान्ह्याने कंपनीने सांगितलंय तेवढाच आवळा आणि लॉक करा. तो आवळलेला नसताना गाडी ढकलूसुद्धा नका, चाकाचं बेअरिंग जातं. ऑइल मापात भरून एक छोटी चक्कर मारा आणि सीलजवळ गळतंय का बघा.