करार नाही, तरी देणं लागतं

सामाईक विहिरीचा गाळ एकजण काढतो. यारी आणतो, मजूर लावतो, डिझेल भरतो, सगळं पदरचं. पाऊस पडल्यावर पाणी चौघेही उपसतात आणि खर्चाचा विषय निघाला की उत्तर येतं, "तुला कुणी सांगितलं होतं?" मराठवाड्यात शेतीची निम्मी कामं तोंडी चालतात, त्यामुळे इथवर येऊन पुष्कळजण गप्प बसतात. कागद नाही म्हणजे हक्क नाही, असं आपण धरून चालतो. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी गरीब माणूसच जास्त बुडतो.

दुसऱ्याच्या नुकसानीवर कुणी गबर होऊ नये, हा विचार रोमन कायदेपंडित पोंपोनियसच्या वचनात सापडतो. इंग्लंडमध्ये १७६० साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी मोझेस विरुद्ध मॅकफर्लन या खटल्यात त्याला धार दिली. वाद होता अवघ्या सहा पौंडांचा. जो पैसा स्वतःकडे ठेवणं न्यायाला धरून नाही तो परत केलाच पाहिजे, करार झालेला असो वा नसो, असं त्यांनी ठरवलं.

आपल्याकडे हे तत्त्व १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आलं, कलम ६८ ते ७२ मध्ये. कलम ६९ चं उदाहरण शेतसाऱ्याचंच आहे: जमीनदाराने सारा थकवला, जमीन लिलावात निघाली, ती वाचवायला कुळाने पैसे भरले, तर ते जमीनदाराने कुळाला द्यायचे. चुकून दिलेला पैसा किंवा वस्तू परत करण्याचं बंधन कलम ७२ मध्ये आहे. दुसऱ्याच्या खात्यावर चुकून गेलेली रक्कम याच कलमात बसते.

विहिरीच्या वादाला लागतं ते कलम ७०: फुकट करायचा हेतू नसताना एकाने दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याची भरपाई द्यावी लागते. मद्रास उच्च न्यायालयासमोर १८९४ मध्ये दामोदर मुदलियार खटला आला, तो जवळपास आपल्या विहिरीसारखाच होता. एका तलावावर काही सरकारी आणि काही जमीनदारी गावं भिजत. सरकारने तलाव दुरुस्त केला आणि जमीनदारांकडे त्यांचा वाटा मागितला. आधी काही ठरलेलं नव्हतं. तरीही वाटा द्यावा लागला.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, कोर्टाची भाषा उर्दू. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नव्हते. १८७२ चा हा कायदा मराठवाड्याला लागू झाला तो १९५१ मध्ये, म्हणजे ७९ वर्षं उशिरा. पुढे उच्च न्यायालयासाठी आधी हैदराबाद आणि १९५६ नंतर मुंबई गाठावी लागे. औरंगाबादला खंडपीठ आलं ऑगस्ट १९८१ मध्ये. आपला हक्क पुस्तकात असूनही गावापर्यंत का पोचला नाही, याचं बरंचसं कारण मला या उशिरात दिसतं.

कलम ७० चा आजचा अर्थ पक्का झाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या बी. के. मंडल निकालाने, डिसेंबर १९६१ मध्ये. बंगालमध्ये एका कंत्राटदाराने सरकारी पुरवठा खात्यासाठी बांधकाम केलं, पण कायद्याला हवा तसा लेखी करारच नव्हता. सरकार म्हणालं, करार नाही तर पैसे नाहीत. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर मूळचे साताऱ्याचे. त्यांनी तीन गोष्टी पाहिल्या: काम कायदेशीर होतं का, फुकट करण्याचा हेतू नव्हता ना, आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला का. तिन्ही जुळल्या आणि कंत्राटदाराला मोबदला मिळाला. ग्रामपंचायतीच्या सांगण्यावरून ठरावाशिवाय काम करून अडकलेल्या माणसाला हा निकाल जरूर माहीत असावा.

याच निकालात दुसरी बाजूही आहे, आणि ती मला तितकीच रास्त वाटते. न सांगता कुणी तुमच्या जागेत बांधकाम केलं तर ते नाकारायची मुभा तुम्हाला आहे. लाभ स्वेच्छेने स्वीकारला तरच देणं लागतं. इर्जिकेला आलेल्या शेजाऱ्यांनी रान नांगरून दिलं, जेवून घरी गेले, तर पुढच्या वर्षी भांडण झालं म्हणून त्यांना नांगरटीचे पैसे मागता येत नाहीत, कारण हेतू मदतीचा होता.

विहिरीच्या वादातही कोर्ट हेच बघतं: खर्च वसूल करायचा हेतू होता का, आणि बाकीच्यांनी पाणी वापरलं का. मजुरांची हजेरी, डिझेलच्या पावत्या, काम चालू असताना हिस्सेदारांना पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज इथे उपयोगी पडतो. दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, आणि मिळते ती कामाची वाजवी किंमत.