भाव पुकारणारा कुणीच नसलेला बाजार

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा रवा, म्हणजे गुळाची ढेप, समोर असतो. व्यापारी रंग बघतो, कण बोटांत चुरडून बघतो, आणि पुकारासोबत भाव चढत जातो. बिटकॉइन, इथर या डिजिटल नाण्यांच्या बाजारात चुरडून बघायला काहीच नाही. तरी तिथं क्षणाक्षणाला भाव ठरतो. तो कसा ठरतो हे कळल्याशिवाय आपल्याकडच्या पोरांनी त्यात पैसे घालू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

बहुतेकजण एक्स्चेंजच्या, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री जुळवणाऱ्या कंपनीच्या, अ‍ॅपवर व्यवहार करतात. तिथं एका बाजूला घेणाऱ्यांचे भाव, दुसऱ्या बाजूला विकणाऱ्यांचे. सर्वांत चढा घेणारा आणि सर्वांत उतरता विकणारा जुळले की सौदा पक्का. भाव सारखाच असेल तर आधी आलेल्याचा नंबर आधी. पण हा सौदा सहसा ब्लॉकचेनवर, म्हणजे नाण्यांच्या सामायिक, जाहीर नोंदवहीवर, चढतच नाही. तो कंपनीच्या स्वतःच्या वहीत राहतो. नाणी तुम्ही स्वतःच्या वॉलेटमध्ये (म्हणजे स्वतःच्या ताब्यातल्या डिजिटल पाकिटात) काढून घेता, तेव्हा ब्लॉकचेनवर नोंद पडते. तोवर गूळ विकून पट्टीचे पैसे अडत्याकडेच ठेवल्यासारखं. 2014 मध्ये टोकियोचं माउंट गॉक्स हे एक्स्चेंज बुडालं ते इथंच. ब्लॉकचेनला धक्का लागला नव्हता, गेली ती एक्स्चेंजच्या ताब्यातली लाखो बिटकॉइन.

2018 मध्ये इथेरियमवर (इथर ज्या ब्लॉकचेनवर चालतं तिच्यावर) आलेल्या युनिस्वॅप या आपोआप चालणाऱ्या बाजाराची रीत वेगळी, आणि मला ती फार सुंदर वाटते. तिथं पुकारणाराही नाही, कंपनीची वहीही नाही. दोन ढीग असतात. समजा एकात 100 नाणी, दुसऱ्यात 10,000 डॉलरचे टोकन, म्हणजे डॉलरच्या मोलाची डिजिटल नाणी. गुणाकार 10 लाख. तो ढळू द्यायचा नाही, एवढाच नियम. कुणी 10 नाणी उचलली की 90 उरतात, म्हणून दुसऱ्या ढिगात साधारण 11,111 हवेत. घेणाऱ्यानं 1,111 भरायचे, म्हणजे नाण्यामागं 111. पुढच्या 10 नाण्यांना जवळपास 139 पडतात. (फी वेगळी, ती मुख्यतः ढिगात माल ठेवणाऱ्यांना मिळते.) ढीग लहान असला तर मोठा गिऱ्हाईक स्वतःच्याच खरेदीनं भाव चढवून बसतो.

मग बाहेरचा भाव या ढिगाला कळतो कसा? त्याला कळतच नाही. कोल्हापुरात गूळ स्वस्त आणि सांगलीत महाग झाला की व्यापारी इथून उचलून तिथं विकतो, आणि त्या उचलण्यानंच इथला भाव वर सरकतो. ढिगाचंही तेच. फरकावर टपलेले लोक दिवसरात्र ही उचल करत असतात, आणि बाहेरच्या भावाची बातमी त्यांच्याच हातून आत पोहोचते.