शार्कचे धमकीप्रदर्शन

शत्रू जवळ आल्यास किंवा निसटण्याची वाट बंद झाल्यास शार्क (कोकण किनाऱ्यावर मुशी वा मोरी) शरीराच्या ठरावीक हालचालींनी जो इशारा देतो, त्यास धमकीप्रदर्शन म्हणतात. त्याचा सर्वांत बारकाईने अभ्यास प्रवाळभित्तीवरील करड्या शार्कवर झाला आहे.

या जातीचे कार्करायनस अँब्लिरिंकॉस हे नाव ब्लीकर यांच्या 1856 मधील वर्णनापासून आहे. तरीही या वर्तनावरील जॉन्सन व नेल्सन यांच्या 1973 च्या मूळ शोधनिबंधात ती का. मेनिसोऱ्हा या नावाने आली आहे, हे जुने साहित्य वाचताना ध्यानात ठेवावे. पहिल्या पृष्ठपक्षाची (पाठीवरील पराची) कड पांढरी असणारे पश्चिम हिंदी महासागरातील मासे गॅरिक यांनी 1982 मध्ये का. व्हीलेरी म्हणून वेगळे काढले. पुढे बहुतेक वर्गीकरणज्ञांनी ही एकच जाती मानली व येथेही तेच मत स्वीकारले आहे. हा शार्क लक्षद्वीपच्या पाण्यातही आढळतो. लांबी बहुधा 2 मी.च्या आत असते.

पाणबुड्यांच्या (पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांच्या) वर्णनांत हे वर्तन साधारण 1960 च्या दशकाच्या आरंभापासून येते. शास्त्रीय नोंद जॉन्सन व नेल्सन यांनी मार्शल बेटांतील एनेवेटाक या कंकणद्वीपावर केली. मुस्कट वर उचललेले, वक्षपक्ष (छातीजवळचे पर) खाली ताणलेले, पाठीला बाक आणि अंग एका बाजूला वळलेले, अशा अवस्थेत मासा अतिरंजित हेलकावे घेत पोहतो. आवेग वाढला की कुशीवर कलंडतो किंवा नागमोडी फेर धरतो. पाणबुड्या वेगाने अंगावर गेला आणि एका बाजूस प्रवाळाची भिंत असली, तर प्रदर्शन तीव्र होई. मोकळ्या पाण्यात ते सौम्य राही. इशारा न जुमानल्यास शार्क विजेच्या वेगाने एकच चावा घेतो व पळतो, मांस तोडून खात नाही. ही बाब महत्त्वाची आहे, कारण भुकेपोटी केलेला हल्ला असा नसतो.

या वर्तनाच्या हेतूविषयी मतभेद आहेत. एक मत ते स्पर्धेचे, म्हणजे जागा वा भक्ष्य राखण्याचे मानते. मिर्बर्ग व ग्रूबर यांनी 1974 मध्ये बॉनेटहेड या लहान हातोडी शार्कमध्ये पाठीला बाक देण्याचे वर्णन केले. ते स्वजातीयांच्या संदर्भातही दिसत असल्याने या मताला काहीसा आधार मिळतो. नेल्सन व सहकाऱ्यांनी एका माणसाच्या छोट्या पाणबुडीतून करड्या शार्कचा पाठलाग केला आणि 1986 मध्ये हा प्रश्न थेट मांडला. पाठलाग होत असलेल्या माशाने, भक्ष्य समोर नसताना, आपल्याहून मोठ्या यंत्रावर उलटून चावा घ्यावा, हे स्पर्धेने समजावणे कठीण आहे. करड्या शार्कला मोठे हातोडी शार्क व चंदेरी टोकाचे शार्क खातात. म्हणून भक्षकापासून बचाव हे स्पष्टीकरण अधिक पटते. मार्टिन यांच्या 2007 मधील आढाव्यात 23 जातींतील अशी प्रदर्शने एकत्र केली आहेत.

इशाऱ्याखेरीज इतर साधने जातिपरत्वे भिन्न आहेत. काटेरी मुशीच्या दोन्ही पृष्ठपक्षांपुढे सौम्य विषारी काटा असतो. कॅलिफोर्नियाचा फुगणारा शार्क शेपटी तोंडात धरून पाणी गिळतो आणि फुगलेल्या अंगाने खडकाच्या कपारीत असा घट्ट बसतो, की त्याला ओढून काढणे अवघड जाते.