डेटाबेस आणि डीबीएमएस

एकमेकांशी संबंध असलेली माहिती नीट लावून ठेवली की तो झाला डेटाबेस, आणि ती भरणारं, शोधून देणारं, सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टीम, थोडक्यात डीबीएमएस. बोलताना दोन्हीला डेटाबेसच म्हणतात पण ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस ही सगळी डीबीएमएसची नावं आहेत.

उदाहरण सातबाऱ्याचंच घ्या. सातबारा निघतो गट नंबरवर आणि आठ-अ निघतो खात्यावर, म्हणजे कागदावर खातेदाराचं नाव दोन्हीकडे लिहिलेलं, वारस लागले की दोन्हीकडे दुरुस्ती करायची आणि एक जागा राहिली की लागले हेलपाटे. हेच टेबलं करून ठेवलं तर खातेदार एका टेबलात, गट दुसऱ्यात, कुठल्या गटात कोणाचा किती हिस्सा ते तिसऱ्यात, नाव एकदाच लिहायचं आणि बाकी सगळीकडे फक्त खाते नंबर. या जोडणाऱ्या नंबरला ‘की’ (key, म्हणजे किल्ली) म्हणतात.

टेबलांची ही कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. त्याआधी आयबीएमचंच आयएमएस नावाचं डीबीएमएस होतं, अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांची यादी ठेवायला केलेलं, त्यात माहिती झाडाच्या फांद्यांसारखी असायची आणि कुठल्या फांदीवरून कुठे जायचं ते प्रोग्रॅमरलाच माहीत असावं लागायचं. कॉड म्हणाले काय हवं तेवढं सांगा, कसं शोधायचं ते मशीन बघेल. मला तर या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. मग आयबीएममधल्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यासाठी सीक्वेल ही भाषा केली, तीच आजची एसक्यूएल. पण एसक्यूएलवर चालणारं डीबीएमएस म्हणून बाजारात ओरॅकल आयबीएमच्या आधी आलं, १९७९ ला.

मग एक्सेल का नाही पुरत? घरखर्चाला पुरतं. पण बँकेत तुमच्या खात्यातून ५०० रुपये वजा झाले आणि समोरच्याला जमा व्हायच्या आत लाईट गेली तर? डीबीएमएस या दोन्ही नोंदी मिळून एकच ट्रान्झॅक्शन धरतं, झालं तर पूर्ण नाहीतर काहीच नाही. त्यासाठी बदल आधी लॉगमध्ये लिहितात, दुकानात आधी रोजकीर्द आणि मग खतावणी असते ना तसंच, आणि सिस्टीम परत चालू झाली की तो लॉग वाचून अर्धवट राहिलेलं मागे घेतलं जातं, पूर्ण झालेलं कायम होतं.