सोळा पार्ट, तीन जोड्या: सिंथचं यूएसबी अडतं कुठे?

ॲक्सेस या जर्मन कंपनीचा व्हायरस टीआय हा सिंथेसायझर २००५च्या सुमारास बाजारात आला, तेव्हा सगळ्यात जास्त बोलबाला झाला तो त्याच्या यूएसबीचा. एक केबल जोडली की अख्खा सिंथ रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये प्लगइनसारखा, म्हणजे त्यातच जोडलेल्या एखाद्या वाद्यासारखा, दिसायचा. यंत्र एका वेळी सोळा पार्ट, म्हणजे सोळा वेगवेगळे आवाज, वाजवायचं: एकावर बास, दुसऱ्यावर पॅड (मागे लांब रेंगाळणारे सूर), तिसऱ्यावर लीड (मुख्य धून). यूएसबीतून कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या स्टिरिओ जोड्या (डावा आणि उजवा अशा दोन चॅनेलची एक जोडी) मात्र तीनच. सोळा पार्टांनी त्या तिघींत दाटीवाटीने बसायचं.

तीनच का, याचा अंदाज साध्या गुणाकाराने येतो. सिंथ विकत घेणाऱ्या प्रत्येकाने हा गुणाकार एकदा करून बघावा असं मला मनापासून वाटतं.

त्याआधी, वेगळे आउटपुट हवेत कशाला? बास आणि पॅड एकाच स्टिरिओ जोडीत मिसळले की मिसळलेच. बासचा घुमारा कमी करायला इक्वलायझर फिरवला की पॅडची ऊबही जाते. लीडला रिव्हर्ब (मोठ्या खोलीतल्यासारखी घुमक) द्यावा तर बासही त्यात भिजून चिखल होतो. मिक्सिंग करणाऱ्याला प्रत्येक आवाज स्वतंत्र ट्रॅकवर लागतो तो यासाठी.

आता हिशोब. ४८ किलोहर्ट्झचा डिजिटल आवाज म्हणजे दर सेकंदाला ४८,००० मोजमापं. प्रत्येक मोजमाप २४ बिटचं, म्हणजे ३ बाइटचं. एका मिलिसेकंदात अशी ४८ मोजमापं येतात, म्हणजे एका चॅनेलचे १४४ बाइट आणि स्टिरिओ जोडीचे २८८.

यूएसबी १.१ हे मानक १९९८चं. त्यातल्या वरच्या वेगाला 'फुल-स्पीड' म्हणतात: सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे मिलिसेकंदाला १५०० बाइट. पण हे सगळे आवाजाच्या वाट्याला येत नाहीत. पेन ड्राइव्हवर फाइल कॉपी करताना एखादा तुकडा खराब झाला तर तो पुन्हा मागवता येतो, थोडा उशीर झाला तरी बिघडत नाही. आवाजाला तशी सवलत नाही. म्हणून यूएसबीत आयसोक्रोनस नावाची वेगळी पद्धत आहे, आणि ती मुंबईच्या लोकलसारखी चालते: दर मिलिसेकंदाला एक गाडी सुटते, तुमच्यासाठी ठरावीक जागा राखून ठेवलेली असते, पण राहिलेल्या प्रवाशासाठी कोणी थांबत नाही. तुकडा खराब झाला तर तो गेलाच, आणि कानाला 'टक्' ऐकू येतं.

फुल-स्पीडवर आवाजाच्या एका प्रवाहाला मिलिसेकंदात जास्तीत जास्त १०२३ बाइट मिळतात. तीन स्टिरिओ जोड्यांचे होतात ८६४. चौथी जोडी घेतली की ११५२. बसत नाही! शिवाय येणं-जाणं तारांच्या एकाच जोडीवरून आळीपाळीने चालतं, त्यामुळे कॉम्प्युटरकडून सिंथकडे जाणारा आवाज आणि मिडी (कोणता सूर कधी वाजवायचा हे सांगणारे संदेश) यांनाही याच १५०० बाइटांत जागा द्यावी लागते. ९६ किलोहर्ट्झवर तर सगळे आकडे दुप्पट होतात. मग एका स्टिरिओ जोडीलाच ५७६ बाइट लागतात आणि दुसरीला जागा उरत नाही.

एप्रिल २०००मध्ये आलेल्या यूएसबी २.०ने 'हाय-स्पीड' आणला: ४८० मेगाबिट. इथे गाडी दर १२५ मायक्रोसेकंदाला सुटते आणि एका खेपेत एका प्रवाहाचे ३०७२ बाइटपर्यंत नेते. वरच्याच हिशोबाने कागदावर १७० चॅनेल झाले. सोळा पार्टांच्या सोळा स्टिरिओ जोड्या, म्हणजे ३२ चॅनेल, त्यात सहज मावतात.

मग २०००नंतरही इतके सिंथ फुल-स्पीडवर का राहिले? पहिलं कारण चिप. संगीताच्या उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या एसटीएम३२एफ४ या मायक्रोकंट्रोलरचंच, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटर-चिपचंच, बघा. फुल-स्पीडसाठी लागणारं सगळं त्याच्या पोटातच असतं. हाय-स्पीड हवा तर बाहेर आणखी एक चिप बसवावी लागते आणि तिच्याशी बोलायला मायक्रोकंट्रोलरच्या तब्बल १२ पिना खर्ची पडतात. बटणं, दिवे आणि नॉब यांनी आधीच भरलेल्या बोर्डावर या १२ पिना जिवावर येतात.

दुसरं कारण ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला उपकरणाशी बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअर. फुल-स्पीडचं जुनं ऑडिओ मानक विंडोजला वेगळ्या ड्रायव्हरशिवाय कळत असे. हाय-स्पीडसोबत वापरायचं ऑडिओ क्लास २ हे नवं मानक विंडोजमध्ये थेट चालू लागलं ते २०१७मध्ये. तोवर कंपनीने स्वतः ड्रायव्हर लिहायचा आणि विंडोजच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तो सांभाळत बसायचा. ॲनालॉग सिंथचं दुखणं आणखी वेगळं: तिथे प्रत्येक आवाजाचं डिजिटलमध्ये रूपांतर करणारा कन्व्हर्टरही लागतो, मग यूएसबी कितीही रुंद असो.

हा खर्च केला की काय मिळतं ते रोलंडच्या टीआर-८ या ड्रम मशीनने २०१४मध्ये दाखवलं. किक, स्नेअर, हाय-हॅट सगळे यूएसबीतून वेगवेगळे येतात, तेही ९६ किलोहर्ट्झवर. स्वीडनच्या इलेक्ट्रॉन कंपनीने २०१५मध्ये ओव्हरब्रिज हे सॉफ्टवेअर आणून ॲनालॉग यंत्रांचे आवाजही असेच स्वतंत्र ट्रॅकवर पोचवले.

खरेदी करताना फसगत होते ती 'यूएसबी २.०' या शिक्क्याने. फुल-स्पीड हाही यूएसबी २.० मानकाचाच भाग आहे, त्यामुळे १२ मेगाबिटवर चालणाऱ्या यंत्रावरही हा शिक्का कायदेशीरपणे मारता येतो. कंपन्यांनी वेग आणि चॅनेलची संख्या खोक्यावर ठळक छापायलाच हवी; ग्राहकाचा तो हक्क आहे. तोवर स्वतः तपासा. मॅकवर सिस्टम इन्फर्मेशनमधल्या यूएसबीच्या यादीत सिंथपुढे १२ किंवा ४८० हा आकडा दिसतो. लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी -टी' ही आज्ञा इंग्रजीत टाइप केली की तेच कळतं.

तिथे १२ दिसले तर सिंथ निळ्या यूएसबी ३ पोर्टात खोचून काही वाढत नाही. आणि हब असेल तर आणखी सांभाळा. हबपासून कॉम्प्युटरपर्यंत ४८०चा रस्ता असला, तरी फुल-स्पीड उपकरणांसाठी हबमध्ये एक दुभाष्या भाग असतो आणि स्वस्त हबमध्ये तो सगळ्या पोर्टांना मिळून एकच असतो. म्हणजे सिंथ, मिडी कीबोर्ड आणि माउस मिळून ते १२ मेगाबिट वाटून घेतात. आवाजात टकटक येऊ लागली की नवी केबल आणण्याआधी सिंथ हबमधून काढून थेट कॉम्प्युटरला लावून बघा.

जोड्या तरीही कमीच पडत असतील तर जुना मार्ग आहे: एकेक पार्ट सोलो करून तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवायचं आणि दर वेळी नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करायचं. वेळ जातो, पण ट्रॅक स्वच्छ मिळतात. फक्त ज्या आवाजात मोकळा फिरणारा एलएफओ (आवाज संथपणे हेलकावत ठेवणारा भाग) आहे तो दर फेरीत थोडा वेगळा वाजतो, म्हणून त्याचे दोन-तीन टेक घ्या आणि जमेल तो ठेवा.